घाट आणि साचा : आधुनिक डिझाइन, घाऊक वस्तू आणि समीक्षेची परिभाषा

१

मराठी समीक्षेची परिभाषा बारकाईने पाहिली तर तिचा मोठा भाग कारागिरांच्या कामातून आलेला दिसतो. कादंबरीला ‘घाट’ असतो, कवितेची ‘वीण’ घट्ट किंवा सैल असते, कथेची ‘बांधणी’ असते, भाषेला ‘पोत’ असतो आणि व्यक्तिरेखेची ‘घडण’ असते. भांडी घडवणारा, विणकर आणि गवंडी यांच्या कामाचे शब्द आपण साहित्यकृतीच्या गौरवासाठी वापरतो. याउलट निंदेचे शब्द कारखान्याकडून आणि छापखान्याकडून येतात. फसलेली कथा ‘साचेबंद’ असते आणि निर्जीव भाषा ‘छापील’ असते. हा केवळ मराठीचा विशेष नव्हे. फ्रेंचमधील ‘क्लिशे’ आणि ‘स्टिरिओटाइप’ हे दोन्ही शब्द मुळात छपाईच्या पक्क्या ठशांची नावे होती. पुढे ते जगभरच्या समीक्षेत दोषवाचक झाले. म्हणजे हाताने घडलेल्या वस्तूविषयीचा आदर आणि साच्यातून निघालेल्या वस्तूविषयीचा तुच्छताभाव आपल्या परिभाषेतच गृहीत धरलेला आहे. त्याची स्वतंत्र चिकित्सा मात्र क्वचितच होते.

प्रस्तुत निबंधाचा हेतू ही चिकित्सा करण्याचा आहे. त्यासाठी विसाव्या शतकातील आधुनिक डिझाइनचा विचार आणि रोजच्या वापरातील घाऊक उत्पादनाच्या वस्तू यांतील ताणाचा आधार घेतला आहे. हा विषय तौलनिक साहित्याच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु कर्तृत्व, अनामिकता, रूप आणि उपयोग या ज्या संकल्पनांवर आपण साहित्याचा विचार करतो, त्याच संकल्पनांवर हा वादही उभा आहे. शिवाय येथे विचारासाठी घेतलेला मध्यवर्ती दस्तऐवज, चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ चा भारतविषयक अहवाल, हा स्वतःच एका वस्तूचे रसग्रहण आहे. त्याची संहिता म्हणून चिकित्सा करणे उचित ठरेल.

२

युरोपातील वादाची थोडक्यात नोंद आधी घेतली पाहिजे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन वेर्कबुंडच्या १९१४ च्या कलोन येथील अधिवेशनात हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. हेर्मान मुथेझियुस यांनी प्रमाणित नमुन्यांचा पुरस्कार केला, तर हेन्री व्हान द व्हेल्दे यांनी कलावंताच्या स्वतंत्र निर्मितीचा. त्याआधी, १९१० च्या सुमारास, व्हिएन्नातील वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवणारे व्याख्यान दिले होते. अलंकरण हे मागासलेपणाचे लक्षण आणि साधी, उपयुक्त वस्तू हे संस्कृतीच्या प्रगतीचे चिन्ह, असा त्यांचा युक्तिवाद होता. पापुआतील गोंदणाऱ्या माणसाला त्यांनी संस्कृतीच्या खालच्या पायरीवर बसवले. साधेपणाच्या या सौंदर्यशास्त्रात वंशश्रेणी अशी सुरुवातीपासूनच अंतर्भूत होती, हे विसरता येत नाही.

ज्या साध्या वस्तूंचा हे विचारवंत गौरव करत होते, त्यांपैकी कित्येक त्यांच्या आधीच बाजारात होत्या. वाफेने वाकवलेल्या लाकडाची थोनेटची चौदा क्रमांकाची खुर्ची १८५९ पासून विकली जात होती. तिचे सहाच लाकडी भाग होते आणि सुटे भाग केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत. कॉफीगृहांच्या मालकांना स्वस्त, टिकाऊ आणि हलकी खुर्ची हवी होती. तत्त्वचर्चेशी त्यांना कर्तव्य नव्हते.

याउलट बाउहाउसच्या सुरुवातीच्या वस्तूंची कथा आहे. १९२४ मध्ये विल्हेल्म वागेनफेल्ड यांनी काचेचा आणि धातूचा जो मेजदिवा घडवला, तो यंत्राने घाऊक काढल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो कार्यशाळेत हाताने केला जात होता आणि महाग होता. यंत्रनिर्मित वस्तूसारखे दिसणे हीच येथे एक शैली झाली. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांच्या कृती मांडल्या गेल्या. त्याही चित्रे आणि मुद्राचित्रे होत्या. वापरायच्या वस्तू त्यांत नव्हत्या. भारतात बाउहाउस प्रथम आले ते चित्रांच्या रूपाने.

या प्रवासाचा पुढचा टप्पा म्हणजे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील १९३४ चे ‘मशीन आर्ट’ प्रदर्शन. फिलिप जॉन्सन यांनी त्यात स्प्रिंगा, बेअरिंगे आणि प्रयोगशाळेतील काचपात्रे शिल्पांप्रमाणे मांडली. प्रदर्शनाच्या पुस्तकात प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादाचा आधार घेतला होता. सरळ रेषा आणि वर्तुळ यांचे सौंदर्य सापेक्ष नसते, असा तो विचार आहे. बेअरिंग यंत्रातून काढून चौथऱ्यावर ठेवले की ते फिरत नाही आणि भार घेत नाही. ज्या कार्यासाठी त्याचा आकार तसा झाला, ते कार्य बाजूला सारून आकाराची पूजा केली जाते. कांटने १७९० मध्ये स्वायत्त आणि परायत्त सौंदर्यात जो भेद केला, त्याच्या भाषेत सांगायचे तर परायत्त सौंदर्याच्या वस्तूला येथे स्वायत्त सौंदर्याच्या जागी बसवले गेले. आधुनिक डिझाइनने घाऊक वस्तूचा गौरव केला खरा, परंतु तो करताना तिला घाऊकपणापासून तोडले.

३

या पार्श्वभूमीवर ईम्स दांपत्याचा अहवाल वाचला पाहिजे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात भारतीय वस्त्रांचे आणि अलंकारकलांचे प्रदर्शन झाले. त्या निमित्ताने पुपुल जयकर आणि ईम्स यांची भेट झाली. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने ईम्स दांपत्याने भारतभर प्रवास केला आणि एप्रिल १९५८ मध्ये अहवाल सादर केला. उपभोग्य वस्तूंचा ढासळता दर्जा ही शासनाची चिंता होती. अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि तिच्या जडणघडणीत गौतम व गिरा साराभाई यांचा मोठा वाटा होता.

अहवालातील सर्वांत प्रसिद्ध भाग लोट्याविषयीचा आहे. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी लोटा ही कदाचित सर्वांत थोर, सर्वांत सुंदर वस्तू, असे लेखक म्हणतात आणि मग प्रश्नांची मालिका मांडतात. किती पाणी वाहायचे? हात कोणाचा, किती ताकदीचा? भांडे डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचे? रिकामे असता, भरलेले असता आणि ओतताना त्याचा तोल कसा राहतो? तोंडाची रुंदी किती असली म्हणजे आतून घासता येईल? गरम पाणी असता धरता येईल का? दुसऱ्या भांड्यावर आदळले तर आवाज कसा येतो? मोडीत किंमत किती येईल? जवळ बाळगताना, विकताना, देताना कसे वाटते? लोटा कोणा एका माणसाने योजून केलेला असणे शक्य नाही, असा या मालिकेतून निघणारा निष्कर्ष आहे.

या मालिकेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. एका सामान्य भांड्याकडे इतक्या अंगांनी पाहणारे गद्य भारतीय भाषांतील वस्तुवर्णनातही सहसा आढळत नाही. परंतु मराठी वाचकाला येथे काही खटकते. डोक्यावर आणि कमरेवर वाहायचे भांडे म्हणजे लोटा नव्हे. ती घागर किंवा कळशी होय. मराठी घरात तांब्या, गडू, चंबू, कळशी, घागर आणि हंडा या वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीचे काम ठरलेले आहे. अहवालातील ‘लोटा’ या सर्वांना एकत्र करून बनवलेले एक आदर्श पात्र आहे. ते कोणाच्याही घरात नाही. उपयोगाचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या लेखनात वस्तूंचे प्रत्यक्ष वर्गीकरण मात्र हरवते.

दुसरी विसंगती अधिक मूलगामी आहे. जी वस्तू कोणा एकाने योजलेली नाही, ती आदर्श म्हणून पुढे ठेवून वस्तू योजणारे तज्ज्ञ घडवणाऱ्या संस्थेची शिफारस केली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारातून जे घडले, ते काही वर्षांच्या प्रशिक्षणातून साधावे, अशी ही अपेक्षा आहे. साहित्याच्या इतिहासात याला जवळचे उदाहरण आहे. स्वच्छंदतावादी युगातील संकलकांनी लोकगीतांचा गौरव केला आणि त्याच काळातील कवींनी लोकगीतांच्या धर्तीवर स्वतःच्या नावाने कविता लिहिल्या. अनामिक परंपरेचे श्रेष्ठत्व मान्य करून तिचे अधिकार नाव असलेल्या कर्त्याकडे सोपवण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

४

अनामिकतेचा सर्वांत गंभीर विचार आशियात यानागी सोएत्सु यांनी केला. १९२५ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिंगेई’, म्हणजे जनसामान्यांची कारागिरी, हा शब्द रूढ केला आणि १९३६ मध्ये टोकिओत त्यासाठी संग्रहालय उभारले. सामान्य माणसांसाठी, पुष्कळ संख्येने, स्वस्तात, नाव न लावणाऱ्या कारागिराने केलेल्या वस्तूतच खरे सौंदर्य असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विचारातील ‘पुष्कळ संख्या’ हा निकष लक्षणीय आहे. एकाच आकाराची पुनरावृत्ती करता करता कारागिराचा अहंकार गळून पडतो, असे ते मानीत. म्हणजे ज्याला आपण साचेबंदपणा म्हणून हिणवतो, तेच त्यांच्या दृष्टीने साधनेचे रूप होते. मात्र ही पुनरावृत्ती हाताची असावी, यंत्राची नसावी, हा त्यांचा आग्रह होता.

भारतीय संदर्भात मात्र ‘अनामिक कारागीर’ ही संकल्पना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. येथील कारागिराचे व्यक्तिनाम नोंदले गेले नाही हे खरे, परंतु त्याला जातिनाम निश्चित होते. तांबट, कासार, कुंभार आणि लोहार ही नावे वस्तूबरोबरच चालत आली. पुण्याची तांबट आळी ही त्याची खूण आहे. तांबटाच्या कामाचे उदाहरण लोस यांच्या सिद्धान्तालाही छेद देते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोकून जे सारख्या ठशांचे मठारकाम केले जाते, ते आज पाहणाऱ्याला नक्षी वाटते. वस्तुतः त्या ठोकण्याने पत्रा कठीण आणि मजबूत होतो. अलंकरण आणि उपयोग यांची येथे फारकतच होत नाही. आज तेच मठारकाम शोभेच्या वस्तूंवर महाग किमतीला विकले जाते, तेव्हा त्यातला उपयोग जातो आणि नक्षी उरते. ‘मशीन आर्ट’मध्ये बेअरिंगाचे जे झाले, तेच येथे हस्तकलेचे होते.

५

आतापर्यंत आपल्यासमोर दोन प्रकारच्या वस्तू आल्या. एक परंपरेने घडत आलेली आणि दुसरी डिझायनरने रचलेली. तिसरा प्रकार या चर्चेत सतत उपस्थित असूनही दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे कारखान्यातून काढलेली वस्तू. स्टेनलेस स्टीलचा तांब्या, प्लास्टिकची बादली, प्लास्टिकची एकसंध खुर्ची या त्या वस्तू होत. यांच्यामागे परंपरेचे वलय नाही आणि कर्त्याची सही नाही. समीक्षकाला त्यांच्याविषयी बोलायला भाषाच नाही, म्हणून तो त्यांना ‘अभिरुचिहीन’ म्हणून मोकळा होतो. १९५७ मध्ये ‘मिथॉलॉजीज’मध्ये प्लास्टिकवर लिहिताना रोलां बार्थ यांच्यासारख्या सूक्ष्म वाचकानेही खेळण्यांच्या संदर्भात लाकडाच्या स्पर्शाकडेच ओढ दाखवली.

परंतु ईम्स यांची प्रश्नमालिका स्टीलच्या तांब्याला लावून पाहिली, तर तो बहुतेक कसोट्यांवर उतरतो. तो घासायला सोपा आहे, चिंच किंवा राख लागत नाही, आंबट पदार्थाने बिघडत नाही, त्याला कल्हई नको. कल्हईवाल्याचा व्यवसाय आटला, हे या सोयीचे मोल होय आणि ते दुसऱ्याच कोणीतरी चुकवले. मोडीत त्याला पितळेइतकी किंमत येत नाही, ही उणीव खरी. तरीही रोज भांडी घासणाऱ्या बाईने पितळेकडून स्टीलकडे जाताना उपयुक्ततेचाच निवाडा केला होता. जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलचे भांडे घेणारी गृहिणी त्याचा आकार, जाडी आणि तळ पारखूनच घासाघीस करत असे. हीही समीक्षाच होती, फक्त ती कोठे लिहिली गेली नाही. ‘तांब्या’ हे नाव तांब्याच्या धातूवरून आले. धातू बदलला, नाव टिकले आणि घाटही बराचसा टिकला. साच्याने येथे घाट मोडला नाही, पुढे चालवला.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भांड्यावर नाव घालण्याची रीत. लग्नात किंवा मुंजीत द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख दुकानातच कोरून दिली जाते. यंत्राने काढलेल्या हजारो सारख्या भांड्यांपैकी एक अशा रीतीने विशिष्ट होते. येथे नाव असते, पण ते कर्त्याचे नसते. ते देवघेवीचे असते. अभंगातील नाममुद्रा कर्त्याकडे बोट दाखवते, भांड्यावरचे नाव नात्याकडे. देताना कसे वाटते, हा ईम्स यांचा शेवटचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आकारात शोधून मिळाले नसते, ते या कोरलेल्या अक्षरांत आहे.

वाङ्मयात याचे समांतर उदाहरण लग्नपत्रिकेचे आहे. तिचा मजकूर ठरीव असतो, त्याचा लेखक कोणी विचारत नाही, फक्त नावे आणि तिथी बदलतात. लोकवाङ्मयात तिची गणना होत नाही आणि ललित वाङ्मयात तर नाहीच. तरीही घरोघर पोहोचणारी आणि जपून ठेवली जाणारी ती एक संहिता आहे. घडत आलेली, रचलेली आणि काढलेली असे तीन वर्ग मानले, तर अशा संहितांना तिसऱ्या वर्गात जागा मिळते आणि त्यांचे मूल्यमापन मौलिकतेच्या निकषावर करण्याची चूक टळते.

६

तथापि घाऊक वस्तूचे हे समर्थन येथेच थांबवले, तर ते अपुरे आणि काहीसे भाबडे ठरेल. लोट्याविषयीच्या त्या विस्तृत प्रश्नमालिकेत एक प्रश्न नाही. या भांड्याला कोणी हात लावायचा नाही, हा तो प्रश्न होय.

भारतीय समाजात पाण्याचे भांडे हे स्पर्शाच्या नियमांचे मुख्य साधन होते. उंचावरून ओंजळीत पाणी ओतण्याची रीत आठवावी. ओतताना लोट्याचा जो तोल अहवालाने वाखाणला, तोच तोल न शिवता पाणी देणे शक्य करत होता. उपयोग ही निरागस कल्पना नसते. कोणाचा उपयोग आणि कोणाविरुद्ध, हे विचारल्यावाचून ती अर्धीच राहते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी घागरींनी पाणी काढून आणि पंचगव्य वापरून तळ्याची ‘शुद्धी’ केली. त्या घागरीही घाटदार असतील. त्यांच्या घाटाचे रसग्रहण करताना त्यांनी केलेले काम वगळणे, ही समीक्षेची तटस्थता म्हणता येणार नाही.

मग साच्यातून निघालेल्या, सर्वांना सारख्या असणाऱ्या वस्तूने हा भेद पुसला का? दलित आत्मकथनांचे उत्तर नकारार्थी आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी आहे आणि तिच्याविरुद्ध केलेली तक्रारही आहे. कपबशी ही पूर्णपणे घाऊक वस्तू. तिच्यावर तांबटाची जात नाही, परंपरेचा संस्कार नाही. तरीही तिच्यावर जात लादता आली. याचा अर्थ वस्तूचा अर्थ केवळ तिच्या रूपात नसतो, मग ते रूप परंपरेने घडलेले असो, डिझायनरने रचलेले असो वा यंत्राने काढलेले असो.

परंतु येथे एक फरक घडतो आणि तो सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. मातीचे मडके आणि पितळेचा लोटा यांत भेद करणाऱ्या व्यवस्थेला वस्तुभेदाचे निमित्त तरी होते. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन कपबश्यांत कोणताही भेद दाखवता येत नाही. म्हणून त्यांतील एक बाजूला ठेवली जाते, तेव्हा भेदाची कृती उघडी पडते. तिला रूपाचा, धातूचा किंवा शास्त्राचा आडोसा मिळत नाही. घाऊक वस्तू समता आणत नाही, पण विषमतेचे कारण वस्तूत नसून माणसात आहे, हे ती निर्विवादपणे दाखवते. तक्रार शक्य होते ती या सारखेपणामुळेच. हीच तिची वाङ्मयीन आणि नैतिक शक्ती होय.

७

बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्याचा विचार उपयोगापासून काटेकोरपणे वेगळा केला आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांवर त्याची उभारणी केली. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये हा विचार ताणलेला असल्याचे दाखवून दिले. वापरातील वस्तूंच्या बाबतीत हा ताण सर्वाधिक तीव्र होतो, कारण त्यांच्यात रूप आणि उपयोग वेगळे काढताच येत नाहीत. मराठी सौंदर्यशास्त्राने मात्र आपली उदाहरणे बहुतांशी कवितेतून, चित्रातून आणि संगीतातून घेतली. तांब्या, कपबशी आणि लग्नपत्रिका त्याच्या कक्षेत आल्या असत्या, तर उपयोगाचा प्रश्न सौंदर्यविचाराच्या कडेला राहिला नसता आणि स्पर्शाचा प्रश्नही टाळता आला नसता.

२००६ मध्ये नाओतो फुकासावा आणि जॅस्पर मॉरिसन या दोन डिझायनरांनी टोकिओत ‘सुपर नॉर्मल’ या नावाने प्रदर्शन भरवले. त्यात नामवंतांनी योजलेल्या आणि कर्ता अज्ञात असलेल्या सामान्य वस्तू शेजारी शेजारी मांडल्या होत्या. वापरताना लक्षात न येणे हाच वस्तूचा गुण, अशी त्यामागची भूमिका होती. डिझाइनच्या विचाराने स्वतःच्या प्रतिष्ठेविषयी घेतलेली ही शंका स्वागतार्ह आहे. परंतु ‘लक्षात न येणे’ हे सुख सर्वांना सारखे मिळत नाही. ज्याच्यासाठी कपबशी वेगळी ठेवली जाते, त्याच्या ती प्रत्येक वेळी लक्षात येते. वस्तूची सामान्यता ही तिला सहज वापरू शकणाऱ्याच्या ठिकाणाहूनच सामान्यता असते.

तेव्हा समीक्षेच्या परिभाषेत ‘घाट’ आणि ‘साचा’ हे शब्द ठेवायचे असतील, तर त्यांना गौरव आणि निंदा या खुंट्यांवरून उतरवावे लागेल. घाटात शतकांचे शहाणपण असते आणि शतकांचा अन्यायही असतो. साच्यात नीरसता असते आणि दोन माणसांना एकच वस्तू मागण्याचा आधारही असतो. एखाद्या कृतीला साचेबंद म्हणण्यापूर्वी तो साचा कोणाच्या हातात काय देतो, हे पाहिले पाहिजे. घाटदार म्हणण्यापूर्वी तिला स्पर्श करण्याची मुभा कोणाला होती, हे विचारले पाहिजे. भाषा आणि संस्कृती ओलांडून कृतींची तुलना करणाऱ्या अभ्यासकावर ही जबाबदारी अधिक येते, कारण तुलनेच्या चौथऱ्यावर ठेवलेली प्रत्येक कृती आपल्या पाणवठ्यापासून आधीच दूर आलेली असते.